परातीतले एक्केचाळीस मोबाइल

पिंपळटाकळीच्या ग्रामसभेत विषय क्रमांक सात कधी आलाच नाही. कागदावर तो असायचा. ग्रामसेवक अंगद, ज्यांना गाव भाऊसाहेब म्हणायचं, त्यांच्या वळणदार अक्षरात तो दर वेळी नोटीस बोर्डावर झळकायचा : ‘विषय क्र. ७ : गुरांच्या जुन्या दवाखान्याची रिकामी खोली मुलांच्या वाचनालयास देणेबाबत.’ पण सभा चौथ्या-पाचव्या विषयापर्यंत पोचेतो शाळेच्या व्हरांड्यात तिघंच उरायचे. भाऊसाहेब, कारण ते नोकरीवर होते. एक म्हातारबुवा, कारण त्यांना झोप लागलेली असायची. आणि शिवलिंगप्पा गुरुजी, कारण तो सातवा विषय त्यांचा होता.

गुरुजी याच शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर माणसानं काय करावं याबद्दल गावात पुष्कळ मतं होती, पण गुरुजींनी जे केलं ते कुणाच्याच मतात नव्हतं. त्यांनी मुलांसाठी पुस्तकं जमवली. सव्वातीनशे झाली. घरात कपाट एकच, त्यात बायकोची, गंगासागरबाईंची लुगडी. म्हणून बाईंच्याच सांगण्यावरून पुस्तकं ज्वारीच्या कणगीत गेली.

“अवो, जगात ज्वारी कणगीत ठेवतात अन् पुस्तकं बाहेर,” गंगासागरबाई म्हणायच्या. “आपल्यात उलटं हाय. पाव्हणा आला की मी आधी पुस्तकं झाकते, मग ज्वारी झाकते.”

रोज संध्याकाळी गुरुजींच्या ओट्यावर पोरं वाचायला यायची. ओटा आठ जणांचा, पोरं बावीस. कडेची दोघं रोज खाली पडायची आणि पडल्या जागी वाचत राहायची. हे पाहून गुरुजींना आनंद व्हायचा आणि काळजीही वाटायची. दवाखान्याची खोली चांगली ऐसपैस होती. डॉक्टरांची बदली झाल्यापासून तीत एका मांजरीचा संसार होता, आणि त्या मांजरीच्या विरोधात जायला गावाची काही हरकत नव्हती. फक्त ठराव व्हायला पाहिजे होता, आणि ठराव होत नव्हता तो मोबाइलमुळं.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. त्या वर्षी ‘लाइफटाइम’ नावाचं कार्ड निघालं. एकदा घेतलं की जन्मभर फोन येत राहणार, अशी त्यात सोय होती. गावातल्या पंचाहत्तरीच्या माणसांनीही ते हौसेनं घेतलं. एवढ्या लांबच्या मुदतीची वस्तू त्यांना बऱ्याच दिवसांत कुणी दिली नव्हती. राजेश्वरच्या किराणा दुकानात कार्ड मिळायचं, फोनही तिथंच. फोन एकाच जातीचा, काळा, डोक्याला उजेडाची बॅटरी असलेला. घंटी बदलता येते हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळं गावात एक मोबाइल वाजला की एक्केचाळीस हात एक्केचाळीस खिशांत जायचे.

रेंज मात्र तीनच ठिकाणी यायची : शाळेच्या झेंड्याच्या कट्ट्यावर, मारुतीच्या पाराच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर आणि राजेश्वरच्या माळवदावर. बाकी गावात घंटी वाजायची, पण बोलणं तुटायचं. म्हणून सभेत घंटी वाजली की माणूस उठायचा, “थांबा, रेंजमदी येतो!” असं ओरडत कट्ट्याकडं पळायचा आणि पुण्याला बोलायचं असेल तर थेट पुण्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा. बोलता बोलता माणूस चालायला लागतो, असं गुरुजींनी बारकाईनं पाहून ठेवलं होतं. कट्ट्यापासून बोलत निघालेला एक जण एकदा दुसऱ्याच्या कापसात निघाला होता. अशी माणसं सभेला परत येत नसत.

गुरुजींना आणखी एका गोष्टीचं वाईट वाटायचं. मोबाइलमुळं गाव खोटं बोलायला शिकलं होतं. पारावर पाय पसरून बसलेला माणूस “आत्ता बीडात हाय, स्टँडवर,” असं सांगायचा आणि शेजारचे चौघं मान डोलवायचे. खरं बोललेला एकच जण गुरुजींना आठवत होता. एका अंत्यविधीला त्याचा फोन वाजला, पलीकडून विचारलं कुठं आहेस, आणि तो म्हणाला, “मसणात.” पलीकडच्यानं रागानं फोन ठेवला. खरं बोलणाऱ्याचं हे असं होतं.

तर अशा तीन ग्रामसभा गेल्या. मग एक दिवस बूट घातलेला एक माणूस आला आणि दवाखान्याची खोली मोजून गेला. तो मोबाइलच्या टॉवरवाला होता. टॉवर शेजारच्या मोकळ्या जागेत आणि यंत्रं खोलीत, असा त्याचा बेत होता. गुरुजी तडक सरपंचांकडं गेले. सरपंच अर्जुनराव त्यांचेच विद्यार्थी. तिसरीत दोनदा बसलेले, त्यामुळं इतरांपेक्षा एक वर्ष जास्त विद्यार्थी.

“गुरुजी, मी काय म्हंतो,” अर्जुनराव म्हणाले, “तुमचा मान हाय. पर टॉवरवाल्याला मी दसऱ्यापर्यंतची बोली केलीय. ह्या ग्रामसभेत ठराव झाला तर खोली लेकरांची. न्हाई झाला तर दसऱ्याला त्याला हो म्हणून सांगतो. उद्घाटनाला मलाच बोलावणार हायती.”

ग्रामसभा दर वर्षी दोन ऑक्टोबरला व्हायची; त्या वर्षी त्याच दिवशी दसरा आला होता, म्हणून ती आदल्या दिवशी, खंडेनवमीला ठेवली होती. म्हणजे हातात एकच सभा. ती सातव्या विषयापर्यंत टिकवायची. गुरुजींनी सल्ला घ्यायचं ठरवलं, आणि गावात सल्ला मागायची खोटी असते.

राजेश्वर म्हणाला, “ज्याचा वाजंल त्याला दंड लावा.”

“दंड कोण वसूल करणार?”

“सरपंच.”

“आणि सरपंचांचाच वाजला तर?”

राजेश्वरनं दुकानातल्या गिऱ्हाइकाकडं लक्ष दिलं.

मग गुरुजी भाऊसाहेबांकडं गेले. सभेपुरते सगळ्यांचे मोबाइल एका जागी जमा करावेत, अशी कल्पना त्यांनी मांडली. भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“गुरुजी, नागरिकांच्या वस्तू जमा करून घ्यायच्या म्हणजे ग्रामसभेचा ठराव पाहिजे.”

“बरं. मग करू ठराव.”

“ठरावाला सभा पूर्ण व्हायला पाहिजे.”

“ती मोबाइलमुळं होत नाही ना!”

“म्हणूनच म्हणतो, ठराव पाहिजे,” भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. छत्तीस वर्षं पाढे शिकवलेल्या माणसालाही हा हिशेब सुटेना.

शेवटी वाट दाखवली ती गंगासागरबाईंनी, भाकरी थापता थापता. “देवळात जाताना चपला बाहेर काढाय ठराव लागतो का? माणूस दुसऱ्याच्या बघून आपल्या काढतो. पहिल्यांदा सरपंचाचा काढून घ्या. म्होरचे आपोआप काढत्याल.”

छत्तीस वर्षांच्या संसारात गुरुजींनी बायकोचं म्हणणं लगेच मान्य करायची ही दुसरी वेळ. पहिली वेळ कणगीची होती.

खंडेनवमीला सकाळी दहाला गुरुजी शाळेच्या दारात खिचडीची मोठी परात समोर ठेवून उभे राहिले. एका हातात खडू, दुसऱ्यात वही. योजना पक्की होती : मोबाइल घ्यायचा, त्याच्या पाठीवर खडूनं नंबर घालायचा, वहीत त्या नंबरापुढं नाव लिहायचं. पाट्यांवर असेच नंबर घालून त्यांनी हजारो पाट्या वाटल्या होत्या. एकही कधी बदलली नव्हती. खडूवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा दुसऱ्या कशावर नव्हता.

अर्जुनराव आले. गुरुजी म्हणाले, “अर्जुनराव, खिसा.”

आवाज तिसरीतला होता. अर्जुनरावांचा हात आपोआप खिशात गेला आणि मोबाइल परातीत आला. नंबर एक. मागच्यानं पुढच्याचं पाहिलं. राजेश्वर आला, म्हातारबुवा आले, ऊसतोडीचा मुकादम त्रिंबक आला. तो दुसऱ्याच दिवशी टोळी घेऊन कारखान्याला निघणार होता, तरी आला. भाऊसाहेबांनीही “हे नियमात नाही” असं म्हणत आपला मोबाइल ठेवला. एक्केचाळीस झाले. परात जड झाली. गुरुजींनी ती खिचडीच्या खोलीत नेऊन छबुबाईंच्या स्वाधीन केली. छबुबाई शाळेत खिचडी शिजवायच्या आणि त्यांच्या राखणीतून कधी तांदळाचा दाणा हलला नव्हता.

“छबुबाई, याला कुणाचा हात लागू द्यायचा नाही.”

“कुणाची छाती हाय,” छबुबाई म्हणाल्या.

आणि सभा सुरू झाली.

अशी सभा पिंपळटाकळीनं पाहिली नव्हती. पहिली पाच-दहा मिनिटं माणसं सैरभैर झाली. हात खिशाकडं जायचे आणि रिकामे परत यायचे. आतून, खिचडीच्या खोलीतून अधूनमधून घंटी ऐकू यायची, मोबाइल थरथरून परात घुमायची, आणि व्हरांड्यातले सगळे एकदम तिकडं माना वळवायचे, गोठ्यातलं वासरू हंबरल्यावर गाई वळवतात तशा. पण उठून कुठं जाणार? मग हळूहळू लोक ऐकायला लागले. ऐकलं तर विषय समजतो, असं त्यांच्या लक्षात आलं. नळाचा विषय झाला, गटाराचा झाला, रस्त्यावरच्या काटेरी बाभळींचा झाला. सहावा विषय संपला आणि भाऊसाहेबांनी घसा खाकरून वाचलं, “विषय क्रमांक सात.”

हे शब्द ते पहिल्यांदाच मोठ्यानं वाचत होते.

गुरुजी उठले. भाषण तीन सभांपासून पाठ होतं. “ग्रामस्थहो, मूल जेव्हा एकाग्र चित्तानं पुस्तक वाचतं, तेव्हा त्या शांततेचा भंग...”

तेवढ्यात घंटी वाजली. ती आतून नव्हती. इथूनच, व्हरांड्यातूनच.

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर निर्दोष माणसाचा ताठा होता. मग हळूहळू सगळ्या नजरा गुरुजींच्या नेहरू शर्टाच्या खिशावर स्थिर झाल्या. एक्केचाळीस जणांचे मोबाइल जमा करताना गुरुजी स्वतःचा विसरले होते. पोरानं पुण्याहून पाठवलेला तो मोबाइल खिशात दिवा लावून आनंदानं ओरडत होता. गडबडीत गुरुजींनी तो बंद करण्याऐवजी उचलला, आणि घरच्या तारेच्या फोनवरून गंगासागरबाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेला, “येताना झेंडूची फुलं आणा. अन् पहिल्यासारखी बिनदेठाची आणू नका!”

“गुरुजी,” अर्जुनराव अतिशय आदरानं म्हणाले, “परात आतमदी हाय.”

व्हरांडा हसून हसून आडवा झाला. गुरुजींचे कान लाल झाले. पाठ केलेलं भाषण सगळं उडालं. त्यांना एवढंच म्हणता आलं, “मुलं ओट्यावरून पडतात हो रोज. तेवढी खोली द्या.” आणि ते खाली बसले.

भाषण झालं असतं तर कदाचित अर्धा तास लागला असता. हे मात्र सगळ्यांना लगेच समजलं. पहिला हात त्रिंबक मुकादमानं वर केला. मग राजेश्वरनं. मग अख्खा व्हरांडा हात वर करून बसला. ठराव मंजूर. भाऊसाहेबांनी इतिवृत्ताचं रजिस्टर सरपंचांसमोर धरलं.

“मोबाइल घेऊन येतो, मग सही करतो,” अर्जुनराव म्हणाले, “तिकडं कोणाकोणाचे फोन येऊन गेले आसत्याल.”

सगळे खिचडीच्या खोलीकडं निघाले. गुरुजी वही घेऊन पुढं. दार उघडलं आणि ते जागीच थांबले.

त्या दिवशी खंडेनवमी. या दिवशी आपल्याकडं कामाच्या हत्याराची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, सुतार रंधा, दुकानदार तराजू. छबुबाईंनी सकाळीच आपली चूल, उलथनं आणि पातेलं पुजलं होतं. पूजेतलं हळदीकुंकू उरलं होतं, फुलं उरली होती आणि समोर परातीत गावातल्या सगळ्या कर्त्या माणसांची हत्यारं पडलेली होती, तीही धुळीची, खडूनं माखलेली. त्यांना राहवलं नाही. एकेक मोबाइल ओल्या फडक्यानं लख्ख पुसून, पाटावर नीट ओळीत मांडून त्यांनी प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं होतं आणि वर झेंडूचं एकेक फूल ठेवलं होतं. एक्केचाळीस काळे मोबाइल, एक्केचाळीस कुंकवाचे टिळे. खडूचा नंबर एकावरही नव्हता.

“छबुबाई!” गुरुजी म्हणाले. “पुसलं कशाला?”

“पुसल्याबिगर कुंकू कसं लावावं?” छबुबाईंना प्रश्नच समजला नाही. “लई मळके व्हते. पूजेला असं मळकं चालत न्हाई, गुरुजी. तुमीच शाळंत सांगत होताव की, वापरायची वस्तू स्वच्छ ठिवावी.”

शिकवलेलं असं परत येतं. गुरुजी वहीतल्या नावांकडं पाहत राहिले. तोवर मागून रेटा आला. “ह्यो माझा!” “तुझा कसा? माझा हाय, वजनावरनं कळतं!” माणसं मोबाइल उचलून कानाशी नेत, हलवून बघत, वास घेत. “सोड बे, माझ्याला कोपऱ्यात चरा हाय!” चरा सगळ्यांनाच होता. पाच मिनिटांत पाट रिकामा झाला. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता, पण कुणाचा होता, ते सांगता येईना.

अर्जुनरावांनी कट्ट्यावर जाऊन हातातल्या मोबाइलमधून घरी फोन लावला. ‘घर’ या नावावर बटण दाबलं. घरचा तारेचा फोन सगळ्यांनीच ‘घर’ म्हणून ठेवलेला. पलीकडून एक अनोळखी बाई खेकसली, “सकाळी काय सांगितलतं? पिशवी कुठाय?”

अर्जुनरावांनी फोन बंद केला. सरपंच झाल्यापासून त्यांच्याशी असं कुणी बोललं नव्हतं.

“गुरुजी,” ते म्हणाले, “माझा मोबाइल सापडंस्तोवर मी सही करत न्हाई. टॉवरवाला उद्या फोन करणार हाय. सही न्हाई म्हंजे ठराव न्हाई. मग मी मोकळा.” आणि ते निघून गेले.

ती संध्याकाळ गावाला फार जड गेली. पिंपळटाकळीचा निम्मा संसार मिसकॉलवर चालायचा. एक मिसकॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोचलो, चहा टाक. आता निघायचा एक आणि चहा व्हायचा दुसऱ्याच घरी. राजेश्वरच्या बायकोनं सहा वेळा चहा टाकला, प्यायला कुणीच आलं नाही. म्हातारबुवांना कुण्या तरुणाच्या मैत्रिणीचा फोन आला. त्यांनी पाराच्या कोपऱ्यावर बसून तिला पाऊणतास गुडघेदुखीची हकीकत सांगितली. दोघांनाही बरं वाटलं म्हणतात. आणि प्रत्येक जण शेवटी गुरुजींच्या ओट्यावर येऊन एकच वाक्य बोलत होता, “तुमीच घेतलता, तुमीच द्या.”

गुरुजी जेवले नाहीत. खोली हातात आली होती आणि एका ओल्या फडक्यानं पुसली गेली होती.

“अवो,” गंगासागरबाई म्हणाल्या, “नंबर तर समद्यांच्या दारावर लिवलेले हायती.”

गुरुजींनी मान वर केली. खरंच होतं. आपला नंबर गावात कुणालाच पाठ नव्हता, म्हणून प्रत्येकानं तो ऑइलपेंटनं दारावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, नाहीतर हौदावर लिहून ठेवला होता. मागणाऱ्यानं यावं आणि वाचून घ्यावा.

दसऱ्याला दुपारी गुरुजींनी गावात होती तेवढ्या पोरांना पाट्या घेऊन गावभर पिटाळलं. “दारावरचा नंबर जसा आहे तसा उतरवायचा. वर घरमालकाचं नाव. दहाच आकडे. नऊ झाले तर परत जायचं.” एकदोन पोरं चांगली तीनतीनदा परत गेली. चार वाजता सगळं गाव मारुतीच्या पारावर जमलं, आपट्याची पानं घेऊन. सोनं द्यायला लोक एरवीही जमायचेच. आता सोन्यासोबत मोबाइलही द्यायचे होते.

गुरुजी पाराच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर उभे राहिले. पोरांनी पाटी वाचायची, गुरुजींनी आपल्या मोबाइलवरून नंबर लावायचा. गर्दीत ज्याच्या खिशात घंटी वाजेल त्यानं पुढं यायचं आणि तो मोबाइल पाटीवरच्या नावाच्या माणसाला द्यायचा. कुणी उचलायचा नाही. हजेरीच घेतली त्यांनी. “सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,” असं म्हणून एक जण पान पुढं करायचा, दुसरा मोबाइल. गेल्या पोळ्यापासून एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघा भावांचे मोबाइल एकमेकांकडंच निघाले. पान द्यावं लागलं, मग बोलावंही लागलं.

भाऊसाहेबही आले होते, खांद्याला रजिस्टरची पिशवी. त्यांचा मोबाइल छबुबाईंच्या नवऱ्याकडं निघाला. “हे नियमात नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी तो छातीशी धरला.

एकोणचाळीस झाले. चाळिसावा नंबर त्रिंबक मुकादमाचा. नंबर लावला, आणि घंटी सरपंचांच्या खिशात वाजली.

“म्हंजे माझा त्रिंबक्याकडं!” अर्जुनराव ओरडले. “तो कुठाय?”

तो सकाळीच टोळी घेऊन चौसाळ्याला गेला होता. तिथून ट्रक निघणार होता. गुरुजींनी सरपंचांचा नंबर लावला.

“हॅलो,” पलीकडून त्रिंबकचा आवाज आला. “सरपंच न्हाईत. मी त्रिंबक बोलायलोय.”

“त्रिंबका, मी गुरुजी. कुठं आहेस?”

“चौसाळ्यात. ट्रक भरायलाव. गुरुजी, ह्यो मोबाइल सरपंचाचा हाय वाटतं. सकाळपासनं लई मोठी मोठी माणसं बोलायलीत.”

अर्जुनरावांनी मोबाइल हिसकावला. “त्रिंबक्या! कुणाचा फोन उचलू नको! हॅलो? हॅलो?” पण रेंज गेली होती.

सरपंचांची जीप काढली. अर्जुनराव बसले, आणि ते नको म्हणायच्या आत गुरुजी मागं बसले आणि त्यांनी भाऊसाहेबांनाही रजिस्टरसकट ओढून घेतलं. चौसाळा दोन कोस. गुरुजींच्या मनात एकच हिशेब चालला होता. मोबाइल सरपंचांच्या हातात आधी पडेल की पेन? मोबाइल आधी पडला, तर ते तिथंच टॉवरवाल्याला हो म्हणून टाकतील. दसरा अजून संपायचा होता.

हायवेच्या कडेला ट्रक उभा होता. भांडी, गाठोडी, दोन शेळ्या, कोंबड्यांची पाटी आणि त्यावर माणसं. त्रिंबक खाली उतरला. त्यानं मोबाइल रुमालात बांधून ठेवला होता. कुंकू अजून तसंच होतं.

“घ्या, सरपंच. सोनं घ्या.” त्यानं मोबाइल आणि आपट्याचं पान दोन्ही पुढं केलं. “तीनदा एका साहेबाचा फोन आलता. टॉवरवाला म्हंला. खोलीचं काय ठरलं म्हणून इचारत व्हता.”

अर्जुनरावांचा चेहरा उतरला. “अन् तू काय सांगितलंस?”

“जे झालं ते. म्हंलं, खोली लेकरांला दिली. काल समद्या गावानं हात वर केलाय. पहिला मीच केलाय.” त्रिंबकला यात सांगण्यासारखं विशेष काही वाटत नव्हतं. “सही झालीच आसंल म्हंलं.”

“मग? चिडला का?”

“चिडतोय कशाला? बरं म्हंला. टेकडीवरच्या गायरानात उभा करू म्हंला, उंचावर रेंज चांगली येते. यंत्राला पत्र्याची खोली ते लोक स्वतः बांधतेत. आयती मिळाली तर बघत व्हते, इतकंच. अन् उद्घाटनाला तुमालाच बोलावणार हाय, असा निरोप हाय.”

अर्जुनरावांनी कुंकू लावलेला मोबाइल खिशात ठेवला, हात पुढं केला आणि म्हणाले, “भाऊसाहेब, पेन.”

सही ट्रकच्या बॉनेटवर झाली. बॉनेट दिवसभराच्या उन्हानं तापलेलं होतं, म्हणून अर्जुनरावांचा ‘जु’ जरा वर उडाला. भाऊसाहेबांनी शाई वाळेपर्यंत रजिस्टरवर फुंकर घातली. गुरुजींनी डोळे पुसले आणि हायवेवर धूळ फार असते असं दोनदा सांगितलं.

ट्रकचं इंजिन सुरू झालं तरी त्रिंबक घुटमळत होता.

“गुरुजी, खोली झाली, लई चांगलं झालं. पर माझी विजयमाला तिसरीला हाय. तुमच्या वट्यावरनं ती रोज पडायची. आता सहा महिने तिकडं उसाच्या फडात. तिला कुठली खोली?” त्यानं वर पाहिलं. गाठोड्यावर बसलेली मुलगी गुरुजींकडं पाहत होती.

गुरुजींनी खांद्याची पिशवी उघडली. एसटीत वाचायला म्हणून तिच्यात पोरांची दोन पुस्तकं कायम असायची. एक जंगलातल्या प्राण्यांचं, एक ग्रहताऱ्यांचं. त्यांनी दोन्ही वर दिली.

“गुरुजी,” भाऊसाहेब दबक्या आवाजात म्हणाले, “वाचनालय अजून उघडलेलं नाही. आणि तुम्हीच मला लिहून दिलेत ते नियम. पुस्तक आठ दिवसांत परत.”

“बरोबर आहे,” गुरुजी म्हणाले. “नोंद व्हायलाच पाहिजे.”

त्यांनी खडूच्या नंबरांची ती वही काढली, कोरं पान उघडलं आणि जीपच्या टपावर ठेवून छान ओळी आखल्या. अनुक्रमांक एक. वाचकाचे नाव, विजयमाला त्रिंबक. पुस्तके, दोन. परतीची तारीख या रकान्याशी ते थोडा वेळ थांबले. भाऊसाहेब खांद्यावरून पाहत होते. सरपंच पलीकडं मोबाइलवर बोलत बोलत तुरीच्या शेतात शिरले होते. ट्रक हलला. वर गाठोड्यावर मुलीनं पुस्तक मधूनच कुठंतरी उघडलं होतं आणि वाऱ्यानं उडणारं पान ती कोपरानं दाबत होती.

गुरुजींनी रकान्यात लिहिलं : ‘कारखाना बंद झाल्यावर.’

भाऊसाहेबांनी ते वाचलं. “हे नियमात...” त्यांनी सुरुवात केली. मग पेनाचं टोपण काढलं आणि त्या ओळीच्या शेवटी, साक्षीदार म्हणून, स्वतःची सही केली.